व्होडव्हिलच्या खेळात आयटमांचा क्रम कशावरून ठरायचा?

अर्धापडदा (प्रश्न)

१८९५ च्या आसपास न्यूयॉर्कच्या व्होडव्हिल (सुट्यासुट्या आयटमांचा करमणुकीचा खेळ) थिएटरांत जसा खेळ व्हायचा, तसा तासाभराचा खेळ बसवायचा आहे. सात आयटम ठरलेत. जमिनीवरची कसरत करणारे दोघे (६ मिनिटं), गायिका (६), वाळूवरचं नृत्य म्हणजे सँड डान्स (५), दोघांची विनोदी जोडी (१०), जगलर (७), एक छोटी नाटिका (१४) आणि टेबलावरच्या पेटीतलं बोलणारं मुंडकं (८). रंगमंच २४ फूट रुंद, २० फूट खोल आहे. दर्शनी पडद्याच्या मागे सहा फुटांवर आणखी एक पडदा ओढता येतो.

जुन्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या, पण क्रमामागचं सूत्र हाती लागत नाही. गाण्यानंतर कुत्रे, कुत्र्यांनंतर नाटिका, मग एकटा माणूस बोलायला उभा. हे मनाला येईल तसं लावायचे, की त्याला काही हिशेब होता?

आणखी काही प्रश्न आहेत. बाजूला हातोडी घेऊन बसलेला सूत्रधार आणि प्रेक्षकांत टेबलं ठेवावीत का? लाइमलाइटचा, म्हणजे त्या काळच्या चुन्याच्या दिव्याचा, उजेड आजच्या दिव्यांतून कसा आणायचा? मुंडक्याच्या टेबलाचे आरसे नेमके कसे लावायचे? आमच्याकडे मांडणी केली की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून लगेच फसवणूक दिसते.

---

विंगेतून

हिशेब होता आणि चांगला पक्का होता. क्रम ठरवताना पहिला प्रश्न असायचा, या आयटमला मंच किती खोल लागतो? प्रेक्षकांच्या आवडीचा विचार त्यानंतर.

मंचाची खोली पडद्यांनी मोजत. तळदिव्यांपासून (मंचाच्या पुढच्या कडेचे दिवे) पहिल्या रंगवलेल्या पडद्यापर्यंतची पट्टी म्हणजे ‘इन वन’. त्याच्यामागे पाचेक फुटांवर पुढचा पडदा सोडला तर ‘इन टू’, आणखी तेवढंच मागे ‘इन थ्री’, आणि सगळे पडदे वर गेले की ‘फुल स्टेज’. गायिका, विनोदी जोडी, एकटा नकलाकार यांचं इन वनमध्ये भागतं. कसरतपटूंना, नाटिकेला, मोठ्या जादूला मागची जागा लागते. त्यामुळे खोल आयटमनंतर उथळ आयटम हे सूत्र. पुढे गाणं चालू असतं तेव्हा पडद्यामागे सुतार आणि त्याची माणसं आधीचं सामान काढून दिवाणखाना उभा करतात. दोन खोल आयटम लागोपाठ लावले की मध्ये मंच रिकामा राहतो, प्रेक्षक बोलायला लागतात, आणि त्यांना परत ताब्यात घ्यायला पुढच्या कलाकाराची दोन मिनिटं खर्ची पडतात.

या पुढच्या पडद्याला ‘ऑलिओ’ म्हणत. शब्द मिन्स्ट्रेल शोमधून (तोंडाला काळं फासून केलेला गाण्या-विनोदाचा खेळ) आला. त्या खेळाच्या मधल्या भागाला ऑलिओ म्हणायचे. पडद्यापुढे सुटे आयटम चालत आणि मागे शेवटच्या प्रहसनाची तयारी होई. व्होडव्हिलमध्ये या पडद्यावर बहुधा शहरातला रस्ता रंगवलेला असे. दोन विनोदी माणसांची गाठ नेहमी रस्त्यातच का पडते, तर त्यांना वापरायला तेवढंच नेपथ्य मिळायचं. तुमच्या जोडीचे संवाद एखाद्या खोलीत घडत असतील तर ते रस्त्यावर आणा. काळाचा बाज त्यातून जास्त येईल आणि एक सेट वाचेल.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि हौशी प्रयोग नेमके इथे मार खातात. पडद्यामागे खुर्ची ओढली तरी पहिल्या पाच रांगांना ऐकू येते. म्हणून मागे सेट लागत असताना पुढे संथ गाणं किंवा हळू आवाजातलं पठण ठेवू नका. ठेक्याचं गाणं, झटपट हशे घेणारे संवाद ठेवा. सामानाच्या पायांना फेल्ट चिकटवा, मागच्या माणसांच्या पायांत मऊ तळाचे जोडे द्या, आणि काहीही सरकवायचं नाही, उचलून न्यायचं, हे तालमीतच ठरवून टाका.

तिसरी गोष्ट वेळेची. मागचा सेट तयार नाही आणि पुढचा आयटम संपला, हा सर्वांत मोठा धोका. त्यासाठी इन वनमधल्या प्रत्येकाकडे दोन मिनिटांचा राखीव माल हवा : गायिकेकडे जादा कडवं, जोडीकडे एक सुटा किस्सा. तो वापरायचा की नाही हे विंगेतल्या माणसाने खुणेने सांगायचं. कलाकाराने स्वतः अंदाज बांधायचा नाही, कारण त्याला मागचं काही दिसत नसतं.

आता जागांविषयी. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत नऊ आयटमांची घडी पक्की झाली. पहिला आयटम मुका ठेवायचा, म्हणजे कसरत, जनावरं किंवा नृत्य. लोक उशिरा येऊन खुर्च्या शोधत असतात, तेव्हा शब्द वाया जातात. दुसऱ्या जागी साधं गाणं-नाच, प्रेक्षक स्थिरावण्यापुरतं. तिसऱ्या जागी नाटिका, म्हणजे खऱ्या अर्थाने खेळाला सुरुवात. चौथ्या जागी इन वनमधलं एखादं नाव. पाचवा भरघोस आयटम, मग मध्यंतर. सहावी जागा सर्वांत अवघड मानत : लोक अजून परतत असतात, त्यामुळे आयटम पकड घेणारा हवा, पण पुढच्या दोघांहून वरचढ होता कामा नये. सातव्या जागी पुन्हा पूर्ण मंच, आणि आठव्या जागी खरा हेडलाइनर, म्हणजे खेळातलं सर्वांत मोठं नाव, बहुतेकदा एकटा विनोदी कलाकार, इन वनमध्ये. नववा पुन्हा डोळ्यांनी पाहण्याचा : झुल्यावरची कसरत, जनावरं. लोक उठायला लागले तरी त्याचं फारसं बिघडत नाही. शेवटून दुसरी जागा मानाची होती, शेवटची नव्हे. हे लक्षात घेतलं नाही तर पत्रिका वाचताना कोण मोठा होता याचा अंदाज नेहमी चुकतो.

संगीताकडे दुर्लक्ष करू नका. कलाकार आपल्या गाण्यांच्या सुट्या वाद्यवार वह्या बरोबर घेऊन फिरत. सोमवारी सकाळी वादकांबरोबर एकच तालीम, आणि जो आधी येईल त्याची वही आधी. कॉर्नेटची (तुतारीसारखं पितळी वाद्य) वही हरवली किंवा सूर बदलल्याचं वहीत लिहिलेलं नसलं की सोमवारचा दुपारचा खेळ कोसळलाच. तुमच्याकडे एक पियानोवाला असेल तरी त्याला प्रत्येक आयटमची प्रवेशाची, टाळी घेण्याची आणि निघण्याची धून वेगळी लिहून द्या. निघण्याच्या धुनीवर अर्धी टाळी अवलंबून असते.

---

सहापेनी

वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. नऊ आयटम आणि मध्यंतर ही रचना १८९५ वर जशीच्या तशी चिकटवू नये. त्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोर होता तो ‘कंटिन्युअस’ खेळाचा. थिएटरमालक बी. एफ. कीथने १८८५ मध्ये बोस्टनमध्ये तो सुरू केला, १८९३ मध्ये न्यूयॉर्कचं युनियन स्क्वेअर थिएटर घेतलं, आणि एफ. एफ. प्रॉक्टरने तेविसाव्या रस्त्यावरच्या आपल्या थिएटरात हीच पद्धत आणली. न्याहारी झाली की प्रॉक्टरकडे या आणि प्रॉक्टरकडून थेट अंथरुणात जा, अशा अर्थाची त्याची जाहिरात होती. सकाळी उशिरा किंवा दुपारी सुरू झालेला खेळ रात्री साडेदहा-अकरापर्यंत न थांबता चाले. तिकीट काढून केव्हाही आत शिरा, आपण शिरलो तो आयटम पुन्हा आला की उठा.

याचा क्रमावर थेट परिणाम होता. मोठी नावं दिवसातून दोनदाच मंचावर येत, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. लहान कलाकार तीनदा किंवा त्याहून जास्त. जेवणाच्या वेळी, पाच ते सातच्या सुमारास, प्रेक्षागृह अर्धं रिकामं असे आणि तेव्हा हे लहान कलाकार खिंड लढवत. अशा चक्राला सुरुवात आणि शेवट नसतो, म्हणून त्या काळच्या पत्रिकेत ‘पहिला’ आयटम शोधून उपयोग नाही. आणखी एक : जागा रिकाम्या व्हाव्यात म्हणून मुद्दाम फिका आयटम लावायचे, त्याला ‘चेसर’ म्हणत. खोल-उथळचा नियम मात्र या चक्रालाही तितकाच लागू होता, तिथे ‘विंगेतून’ यांच्याशी पूर्ण सहमत.

तुमच्या खेळाला पडदा उघडणं आणि पडणं आहे, तेव्हा एका चक्राचा तुकडा दाखवतो आहोत असं समजा. मध्यंतर नको.

आता हातोडी आणि टेबलं. ती ठेवू नका, कारण ती अटलांटिकच्या दुसऱ्या बाजूची आहेत. तो सूत्रधार म्हणजे लंडनच्या म्युझिक हॉलचा ‘चेअरमन’. मंचाजवळच्या टेबलापाशी बसून हातोडी आपटून तो पुढच्या कलाकाराचं नाव पुकारायचा, गोंगाट आवरायचा आणि दारूचा खप वाढवायचा. चार्ल्स मॉर्टनने १८५२ मध्ये लॅम्बेथमध्ये कँटरबरी हॉल उघडला तेव्हा सहा पेन्सांच्या तिकिटात पेय मिळायचं. धंदा पेयावर चाले, गाणं त्याच्या जोडीला. १८८५ मध्ये लंडन पॅव्हिलियन नव्याने बांधलं तेव्हा टेबलं जाऊन रांगेने खुर्च्या आल्या, आणि चेअरमनची जागा हळूहळू विंगेलगतच्या आकड्यांच्या पाट्यांनी घेतली. पत्रिकेतला क्रमांक पाटीवर दिसला की कोण येणार ते कळे. अशा पाट्या ठेवल्यात तर काही बिघडत नाही. क्रम आयत्या वेळी बदलला तरी पत्रिका खोटी पडत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

दोन्ही देशांतला फरक निव्वळ आवडीचा नव्हता, कायद्याचा होता. इंग्लंडमध्ये १८४३ च्या थिएटर्स ॲक्टने वाटणी करून टाकली : नाटकाचा परवाना असलेल्या थिएटरात प्रेक्षागृहात दारू-तंबाखू नाही, आणि दारू-तंबाखू चालणाऱ्या हॉलमध्ये नाटक नाही. त्यामुळे लंडनच्या हॉलमध्ये नाटिका लावली की शेजारचं थिएटर कोर्टात जाई, आणि पत्रिकेचा भार गाण्यांवर पडे. अमेरिकेत नाटिकेला अशी आडकाठी नव्हती. तिकडचा बडगा वेगळीकडे पडला. १८६२ च्या न्यूयॉर्कच्या कायद्याने मंचावरचा खेळ, दारू आणि दारू वाढणाऱ्या मुली हे तिन्ही एकत्र ठेवायला बंदी केली. त्यातून पुढे टोनी पास्टरसारख्या थिएटरमालकांनी दारू बाहेर ठेवून बायका-मुलांना आत आणण्याचा रस्ता धरला. १८८१ मध्ये चौदाव्या रस्त्यावर त्याने थिएटर उघडलं ते याच बळावर, आणि बायकांनी यावं म्हणून पीठ, कोळसा, कपड्याचं कापड अशी बक्षिसं वाटायलाही तो मागेपुढे पाहत नसे.

लंडनचा क्रम तर आणखी निराळ्या कारणाने ठरायचा. नावाजलेला गायक एका रात्रीत तीन-चार हॉल करी, घोडागाडीतून एकीकडून दुसरीकडे धावत. पत्रिकेतली त्याची जागा गाडीच्या वेळेला बांधलेली. धुक्यात गाडी अडकली की मागचे दोघे पुढे ढकलायचे. १८९५ चं न्यूयॉर्क दाखवायचं तर यातलं काही घेऊ नका. पण कीथच्या थिएटरांतल्या पडद्यामागच्या सूचनेचा बाज जरूर घ्या. ‘स्लॉब’, ‘सन ऑफ अ गन’ असे शब्द मंचावर उच्चारायला मनाई, आणि ऐकलं नाही तर काम गेलं. तुमच्या विनोदी जोडीने शिव्यांवर हशे घेतले तर कीथच्या थिएटरात तो आयटम पहिल्या खेळानंतरच काढला असता.

---

चुन्याचीकांडी

लाइमलाइटबद्दल. थॉमस ड्रमंडने १८२० च्या दशकात जमीन मोजणीच्या कामासाठी हा दिवा वापरला, आणि १८३७ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनला तो नाटकात आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजन (किंवा साधा कोळशाचा गॅस) यांची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडायची. चुना वितळत नाही, पांढरा होईपर्यंत तापतो आणि झगमगतो.

तो सांभाळायला प्रत्येक दिव्यामागे एक माणूस अखंड लागायचा आणि त्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी फक्त हायड्रोजन पेटवून कांडी हळूहळू तापवायची, चहूबाजूंनी फिरवत. घाईने ऑक्सिजन सोडला तर कांडी तडकते. मग ऑक्सिजन थोडा थोडा वाढवत न्यायचा, ज्योतीचा फुत्कार सुरू होण्याच्या अलीकडे थांबायचं. एका जागी ज्योत राहिली की चुन्याला खळगा पडतो, आणि त्या खळग्यातून ज्योत उलटून समोरच्या भिंगावर येते, भिंग फुटतं. म्हणून दर मिनिट-दीड मिनिटाला मळसूत्राने कांडी जरा फिरवायची. विझवताना आधी ऑक्सिजन बंद. कांड्या हवेतली ओल शोषून भुगा होतात, त्यामुळे हवाबंद डब्यात ठेवत आणि वापरायच्या क्षणी काढत.

गॅस रबरी कापडाच्या पिशव्यांत भरून, त्यांवर फळ्या आणि वजनं ठेवून दाब देत. दोन पिशव्यांवरचा दाब कमीजास्त झाला की एका बाजूचा गॅस दुसऱ्या पिशवीत शिरतो आणि मग स्फोट. खेळ चालू असताना वजन उचलणं हा सर्वांत भयंकर गुन्हा होता. १८८६ मध्ये ब्रिन बंधूंच्या पद्धतीने हवेतून ऑक्सिजन काढून तो पोलादी नळकांड्यांत मिळायला लागला तेव्हा हा जाच कमी झाला. हे सगळं समजून घेण्यासाठी सांगितलं. खरा लाइमलाइट पेटवण्याच्या फंदात पडू नका.

आजच्या दिव्यात करायचं असेल तर : एकच फॉलो स्पॉट (कलाकाराच्या मागे फिरवायचा झोत), ३००० केल्विनच्या आसपास (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), कडा मऊ. आखीव गोल वर्तुळ हे नंतरच्या काळाचं. दिवा बाजूच्या उंच गॅलरीतून किंवा प्रेक्षागृहाच्या मागच्या उंच जागेतून यावा. प्रकाश अगदी स्थिर ठेवू नका; दर मिनिटाला किंचित, दोन-तीन टक्के, उतरून परत चढला की कांडी फिरवल्याचा भास होतो. त्याहून जास्त केलंत तर लोकांना दिवा बिघडला वाटेल.

१८९५ म्हणजे दोन युगांच्या सांध्यावरचं साल. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ मध्ये सुमारे १२०० विजेचे दिवे लागले आणि पुढच्याच वर्षी बोस्टनच्या बिजू थिएटरात एडिसनचे. म्हणजे तुमचे तळदिवे विजेचे असायला हरकत नाही, पण पिवळसर ठेवा, २४०० केल्विनपर्यंत, आणि चेहऱ्यावर खालून सावल्या पडू द्या. सावल्या मारायला वरून पांढरा झोत टाकलात की सगळा काळ पुसला जातो.

तळदिव्यांच्या पुढे जाळी दिसली तर उत्तम. गॅसच्या दिव्यांजवळ मलमलीचे घोळदार झगे जात आणि पेट घेत. पॅरिस ऑपेराची नर्तिका एमा लिव्ह्री १८६२ मध्ये तालमीत अशीच भाजली आणि काही महिन्यांनी गेली. जाळी शोभेसाठी नव्हती.

---

दोनआरसे

बोलणाऱ्या मुंडक्याची मूळ जादू ‘स्फिंक्स’. थॉमस टोबिनची कल्पना, जादूगार स्टोडेअरने १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये दाखवली. तुमच्या नेमलेल्या सालात ती तीस वर्षं जुनी होती.

टेबल तीन पायांचं. एक पाय थेट प्रेक्षकांकडे, दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत एकेक आरसा उभा. दोन्ही मिळून ९० अंशांची पाचर होते, टोक प्रेक्षकांकडे. प्रत्येक आरसा बाजूच्या पडद्याशी ४५ अंशांत. प्रेक्षकाला टेबलाखालून मागचा पडदा दिसतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो बाजूच्या पडद्याचं प्रतिबिंब पाहतो. माणूस आरशांच्या मागे गुडघ्यांवर बसलेला. टेबलाच्या फळीत झडप, पेटीचा तळ उघडणारा, आणि डोकं दोन्हींतून वर.

यावरून मापं निघतात. बाजूचा पडदा आरशापासून जितका लांब, तितकाच मागचा पडदा लांब हवा, नाहीतर टेबलाखालचा पडदा आणि टेबलाच्या वरचा पडदा यांच्या उजेडात फरक पडतो आणि डोळा अडखळतो. तुमचा मंच २४ फूट रुंद. टेबल मध्यावर ठेवलंत तर दोन्ही बाजू १२ फुटांवर. मग मागचा पडदाही १२ फुटांवर, म्हणजे टेबल पुढच्या कडेपासून ८ फुटांवर. तुमचा दुसरा पडदा सहा फुटांवर आहे, तेव्हा टेबल त्याच्या दोन फूट मागे बसतं. याहून सोयीचा मंच शोधून मिळणार नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून फसवणूक का दिसते? समोरच्या प्रेक्षकाची नजर आरशावरून सरळ बाजूला वळते. पण प्रेक्षागृहाच्या उजव्या टोकाला बसलेल्याची नजर उजव्या आरशावरून वळते ती बाजूला आणि शिवाय पुढे, प्रेक्षकांच्या दिशेने. त्याला बाजूच्या पडद्याची पुढची कड किंवा विंगेतला माणूस दिसतो. डाव्या टोकाला हेच डाव्या आरशात. उपाय दोन. बाजूचे पडदे अगदी दर्शनी पडद्यापर्यंत पुढे आणा, मध्ये फट नको. तरी दिसलं तर दोन्ही टोकांच्या खुर्च्या विकू नका. तिसरा उपाय नाही.

जमीन एकरंगी ठेवा. नक्षी असली तर आरशाच्या पायथ्याशी ती मोडते. तिन्ही बाजूंचे पडदे एकाच कापडाचे, एकाच चुण्यांचे, एकाच उजेडातले. जादूगाराने टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला, टेबलाच्या रेषेत, कधीही उभं राहायचं नाही, कारण त्याचे पाय टेबलाखाली उगवतात. पेटी ठेवायला जाताना सरळ मध्यरेषेवरून जायचं, तसंच मागे यायचं. स्टोडेअर पेटी ठेवून टेबलापासून दूर येऊन उभा राही, आणि मुंडक्याने तिथून त्याला उत्तरं दिली की संशय आणखी घटे. शेवटी पेटी मिटायची, उघडायची, आत फक्त राख.

सगळ्यात जास्त वेळा काय फसतं? आरशावरचं बोट. समोरून झोत पडला की ठसा हवेत तरंगतो. शॅमॉय या मऊ चामड्याने शेवटच्या क्षणी पुसायचं, आणि आरशाला हात लावणारा माणूस एकच ठरवायचा. पॅरिसमध्ये हीच युक्ती तळघरात दाखवली तेव्हा लोक टेबलाखाली कागदाचे बोळे फेकायला लागले. बोळा ‘मोकळ्या’ जागेत आपटून मागे यायचा. पहिली रांग दहा-बारा फूट लांब ठेवा.

---

जुनीपत्रिका

एक मुद्दा राहून जाऊ नये. त्या काळच्या पत्रिकांत काळं तोंड रंगवलेले आयटम सर्रास दिसतील. मिन्स्ट्रेल शो १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी ॲम्फिथिएटरमध्ये व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्सच्या चौघांनी उभा केला, आणि जाळलेल्या बुचाची पूड फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणं हा त्याचा पाया होता. बर्ट विल्यम्ससारखा थोर कृष्णवर्णीय विनोदी नट १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बियल्स या म्युझिक हॉलला आला तोही चेहऱ्यावर तसंच बूच फासून. काळाशी प्रामाणिक राहायचं म्हणून हे मंचावर आणू नका. पत्रिकेत दोन ओळी छापून सांगा, ते जास्त प्रामाणिक होईल.

आणि साल १८९६ केलंत तर एप्रिलच्या २३ तारखेला त्याच कोस्टर अँड बियल्समध्ये एडिसनच्या नावाने व्हायटास्कोप, म्हणजे पडद्यावर हलती चित्रं टाकणारं यंत्र, दाखवलं गेलं, हेही पत्रिकेत घेता येईल. चलच्चित्र तिथे एक आयटम म्हणूनच आलं, कसरतीसारखं.

---

अर्धापडदा

सगळ्यांचे आभार. टेबल, टोकाच्या खुर्च्या आणि दिवे यांचा प्रश्न सुटला. काळ्या रंगाचा आयटम नव्हताच, पत्रिकेतल्या ओळी नक्की घालू. सांगितल्याप्रमाणे क्रम लावून पाहिला : कसरत, गायिका, मुंडकं, विनोदी जोडी, नाटिका, वाळूनृत्य, जगलर. खोल-उथळ बरोबर येतंय. चालेल?

---

विंगेतून

कागदावर बरोबर, मंचावर दोन ठिकाणी अडेल.

पहिलं वाळूनृत्य. त्यातली सगळी मजा वाळूवर घासणाऱ्या चामडी तळांच्या आवाजात आहे. तुम्ही ते नाटिकेनंतर ठेवलंय, म्हणजे मागे सोफा आणि दरवाज्याची चौकट निघत असताना. पाच मिनिटं प्रेक्षक चौकटीचा आवाज ऐकतील. हा आयटम अशा जागी हवा जिथे मागे काहीच हलत नाही.

दुसरं मुंडकं. सहा मिनिटांच्या गाण्याच्या आड आरसे लावणं, पुसणं, माणूस आत बसवणं हे होणार नाही. आरसे घाईत लागले की अंश चुकतो. ते दार उघडण्याआधीच लावून ठेवा. टेबल सहा फुटांच्या पडद्यामागे बसतं हे ‘दोनआरसे’ यांनी दाखवलंच आहे. मग सुरुवातीचे दोन्ही आयटम पडद्यापुढे घ्या.

असं करा. जगलर, इन वनमध्ये, मुका आयटम म्हणून सुरुवातीला. मग वाळूनृत्य, तेही पडद्यापुढे, मागे पूर्ण शांतता. मग पडदा उघडून मुंडकं. मग गायिका ठेक्याचं गाणं घेऊन पुढे, आणि मागे आरसे निघून नाटिकेचा सेट. ही तुमची सर्वांत घट्ट अदलाबदल, इथे गायिकेचं जादा कडवं तयार ठेवा. टेबल, आरसे आणि आतला माणूस आधी बाहेर, मगच नाटिकेचं सामान आत. मग नाटिका. मग विनोदी जोडी, दहा मिनिटं, मानाच्या जागी. सेट चार मिनिटांत निघेल आणि उरलेला वेळ मागे सगळे गप्प. शेवटी मोकळ्या मंचावर कसरत. बेरीज ५६ मिनिटं, पडदे आणि टाळ्या धरून तास भरतो.

वाळू थेट फळ्यांवर टाकू नका. पाच फूट रुंद जाड कॅनव्हासची चादर अंथरा, कडा एक इंच वर शिवून घ्या, म्हणजे वाळू बाहेर सांडत नाही. वाळू बारीक, कोरडी, चाळलेली; दोन मुठी पुरतात, जास्त टाकली की तळ घासण्याऐवजी घसरतो. नाच संपला की चादर चारही कडांनी आत दुमडत न्या, ओढू नका. राहिलेले कण ओल्या फडक्याने टिपा, झाडू मारलात तर धूळ पडद्याखालून आरशांवर जाईल. आरसे पुसणाऱ्याने चादर उचलल्यानंतरच शेवटचा हात फिरवावा. हेच कण राहिले तर चाळीसेक मिनिटांनी कसरतपटूच्या तळहाताखाली येतील.

इन वनमध्ये जगलरला एकच अडचण : वरची झालर. सहा फुटांच्या पट्टीत त्याच्या डोक्यावर लगेच झालर आणि दर्शनी पडद्याची दांडी येते. त्याचा सर्वांत उंच फेक मोजा आणि झालर त्याहून दोन फूट वर बांधा. तालीम त्याच उंचीखाली घ्या, मोकळ्या हॉलमध्ये नको.